आज काय चांगलं झालं, आणि का?

ठाणे, बुधवार, रात्र

सकाळी ट्रान्सहार्बर गाडीला लेडीज डब्यात उभं राहायलाही जागा नव्हती. कडेला बसलेल्या एका मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मांडीवरची डब्याची पिशवी उचलून पोटाशी धरली आणि शेजारणींना म्हणाल्या, "सरका गं जरा, हिला बसू दे." तिघींच्या बाकावरची चौथी सीट म्हणजे निम्मी मांडी हवेतच. पण ऐरोली गेलं, रबाळे आलं आणि माझ्या छातीतली धडधड ओसरली.

का झालं हे? मी काही न सांगता त्यांना माझा चेहरा वाचता आला म्हणून.

वहीत असंच लिहायचं, असं माझ्या समुपदेशक ताईंनी सांगितलं होतं: काय चांगलं घडलं आणि का घडलं. २००५ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आठवडाभर रोज रात्री अशाच तीन गोष्टी कारणासकट लिहायला सांगितल्या होत्या. सहा महिन्यांनंतरही त्या लोकांना अधिक आनंदी वाटत होतं आणि उदासीची लक्षणं कमी होती. आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपणहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांना जास्त फायदा झाला.

मला त्यातलं 'का' फार मोलाचं वाटतं. घर आहे, नोकरी आहे, तब्येत बरी आहे, एवढ्याने पान भरतं. मन जागचं हलत नाही. कारण शोधायला लागलं की माणसं दिसू लागतात. परवा पाणी गेलं होतं तरी सकाळी आमची बादली भरलेली होती, कारण समोरच्या काकूंनी रात्रीच दोन हंडे जास्तीचे भरून ठेवले होते. चिंता वाढली की मला वाटतं, सगळं एकटीनेच रेटायचंय. या नोंदी त्या वाटण्याला खोडून काढतात, आणि तेही माझ्याच अक्षरात.

रोज लिहायलाच हवं असंही नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासातल्या एका प्रयोगात लोक कशाबद्दल कृतज्ञ वाटतं ते आठवड्यातून एकदाच लिहीत होते, तरी त्यांना आपलं आयुष्य एकंदर बरं वाटू लागलं. थकलेल्या रात्री मी वही उघडत नाही.

आणि वाईट दिवसाला वाईटच म्हणायचं. बाबा गेले त्या महिन्याची पानं दुःखानेच भरली आहेत, ती तशीच असू देत. वही म्हणजे औषध नव्हे. आपल्याच ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, तरी त्याचं नाव निघालं की अजून लोक आवाज खाली आणतात, याचं मला फार वाईट वाटतं. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे जायचं, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करायचा. तिथे मराठीत बोलता येतं.

सेलिगमन यांच्या त्याच अभ्यासात आणखी एक प्रयोग होता: ज्यांचे आभार मानायचे राहून गेले, त्यांना पत्र लिहून स्वतः नेऊन द्यायचं. माझं पत्र कळव्याच्या आत्याला आहे. बाबांनंतर ती रोज रात्री जेवलीस का म्हणून फोन करायची आणि मी रडत असले तरी फोन ठेवायची नाही. पत्र लिहून झालंय. रविवारी तिच्याकडे जाऊन वाचून दाखवणार आहे.