औषध दिले, की देत होते?

परदेशातल्या रुग्णालयांत नोकरीसाठी जाऊ पाहणाऱ्या परिचारिकांना मी नारायण पेठेतल्या एका वर्गात इंग्रजी शिकवते. त्यांतल्या बहुतेकींची तयारी ओईटीची असते. खास आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठी असलेल्या या परीक्षेत लेखनाला ४५ मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात केस नोट्स वाचून पेशंटविषयी एक पत्र लिहायचे असते. साधा काळ आणि अपूर्ण काळ यांची गल्लत त्या पत्रांत नेहमीच दिसते. पण गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी तिचे गांभीर्य वर्गातल्या प्रत्येकीला जसे जाणवले, तसे ते माझ्या शिकवण्यातून क्वचितच पोचले असेल.

त्या दिवशी मुलाखतीचा सराव होता आणि प्रत्येकीने आपल्या वॉर्डातला एक प्रसंग लिहून आणायचा होता. सोलापूरकडच्या एका सिस्टरांनी व्हॅन्कोमायसिनचा प्रसंग निवडला होता. हे अँटिबायोटिक शिरेतून सावकाश द्यावे लागते, एक ग्रॅमला निदान ६० मिनिटे. ते वेगाने गेले तर चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग लाल होतो, खाज सुटते, कधी रक्तदाबही उतरतो. त्यांच्या पेशंटच्या मानेवर ड्रिप चालू असतानाच लाली चढली होती. त्यांनी लिहिले होते: ‘आय वॉज गिव्हिंग व्हॅन्कोमायसिन. द पेशंट वॉज गेटिंग रॅश. आय वॉज स्टॉपिंग द ड्रिप अँड आय वॉज इन्फॉर्मिंग द डॉक्टर.’ नुसते ‘स्टॉप्ड’ लिहिले की वाक्य तुटक वाटते, म्हणून असे लिहिले, असे त्यांनी सांगितले. पुष्कळ जणींना तसे वाटते.

मी ती वाक्ये फळ्यावर लिहिली आणि दुरुस्तीचे काम वर्गावर सोपवले. रिपोर्टमध्ये साधा भूतकाळ वापरायचा, हा नियम सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे बघता बघता चारही क्रियापदे बदलली: गेव्ह, गॉट, स्टॉप्ड, इन्फॉर्म्ड. व्याकरणाची म्हणून त्यात एकही चूक उरली नव्हती. तेवढ्यात त्या सिस्टर म्हणाल्या, “पण मॅडम, औषध पूर्ण गेलंच नव्हतं. ‘गेव्ह’ लिहिलं तर अख्खा डोस दिला असं होईल ना?”

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, आणि पुढचा सगळा तास आम्ही त्यावरच घालवला. ‘गेव्ह’ वाचणारा डॉक्टर ग्रॅमभर औषध शरीरात गेले असे धरून चालेल. ‘वॉज गिव्हिंग’ वाचणाऱ्याला कळेल की काम मध्येच राहिले असावे आणि किती गेले हे विचारायला हवे. झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली क्रियापदांचे जे वर्ग मांडले, त्यांत हा भेद स्पष्ट दिसतो. कोणी धावत होता म्हटले की तो धावला हे आलेच, पण कोणी वर्तुळ काढत होता म्हटल्याने ते काढून झाले असे ठरत नाही. ठरलेला डोस देणे हे वर्तुळ काढण्यासारखे आहे: त्याला एक शेवट आहे आणि तिथवर पोचल्याशिवाय ते झाले असे म्हणता येत नाही. ड्रिप बंद करणे मात्र एका क्षणात होते, म्हणून ‘वॉज स्टॉपिंग’ वाचले की बंद करता करता काहीतरी आड आले असा समज होतो.

मग मी त्यांना तोच प्रसंग मराठीत सांगायला लावला. “मी व्हॅन्कोमायसिन देत होते, तेवढ्यात पेशंटच्या मानेवर लाली आली. मी ड्रिप बंद केली आणि डॉक्टरांना कळवलं.” कोणीही न शिकवता पहिले क्रियापद अपूर्ण आणि पुढची तिन्ही पूर्ण! जे भान मराठीत इतके पक्के आहे, त्याच्यावर विसंबून इंग्रजी शिकवायला हवे, असे मला मनापासून वाटते. वर्तमानकाळात मात्र हा आधार दर वेळी पुरत नाही, कारण ‘मला समजतंय’ हे आपण सहज म्हणतो आणि इंग्रजीत तिथे साधे ‘आय अंडरस्टँड’च लागते.

त्याच तासाला आणखी एक वाक्य आले: ‘शी इज ऑलवेज आस्किंग फॉर पेनकिलर्स.’ लिहिणारीला फक्त वारंवारता सांगायची होती, पण ‘ऑलवेज’बरोबर अपूर्ण काळ आला की इंग्रजीत बहुधा वैतागाचा सूर लागतो आणि पेशंट कटकटी आहे असा शेरा पत्रात जातो. तिथे ‘शी ऑफन आस्क्स’ केले.

शेवटी सिस्टरांनी परिच्छेद नव्याने लिहिला: ‘आय वॉज गिव्हिंग व्हॅन्कोमायसिन व्हेन द पेशंट डेव्हलप्ड अ रॅश. आय स्टॉप्ड द ड्रिप अँड इन्फॉर्म्ड द डॉक्टर.’ वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण किती गेलं होतं?” क्रियापदाचे रूप डोस अपुरा राहिल्याचे सुचवते, आकडा सांगत नाही. पिशवी २५० मिलिलिटरची होती आणि सुमारे १०० आत गेले होते, हे सिस्टरांच्या पक्के लक्षात होते. ते ड्रिप थांबवण्याच्या आधीचे, म्हणून तिथे पूर्ण भूतकाळ हवा, हे त्यांनीच ओळखले आणि पुढे जोडले: ‘अबाउट हंड्रेड मिलिलिटर्स हॅड गॉन इन.’