सोनं सापडलं का?

आर्किऑलॉजी शिकतेय म्हटलं की पहिला प्रश्न हाच. सोसायटीतल्या काकूंपासून विरार लोकलमधल्या रोजच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचा. (दुसरा डायनोसॉरचा. ते आमच्या खात्यात येत नाहीत, माणूस उगवायच्या कितीतरी आधी त्यांचा कारभार आटोपला होता.) आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

मला सापडली ती खापरं. घमेल्यात पाणी, हातात जुना टूथब्रश आणि शेजारी गोणपाटावर वाळत घातलेले शेकडो तुकडे, असे माझे कितीतरी दिवस गेलेत. भांड्याच्या पोटाचा तुकडा बहुतेक वेळा गप्प बसतो. काठाचा हाती आला की मात्र जीव खरोखर भांड्यात पडतो, कारण काठाच्या गोलाईवरून भांड्याचं तोंड केवढं होतं ते काढता येतं. मग प्रत्येक तुकड्यावर बारीक अक्षरात खड्डा आणि थर लिहायचा. थर चुकला की ते कुठल्या काळाचं हे कळत नाही, खापर मुकं झालं. पहिल्याच आठवड्यात मी दोन थरांची खापरं एकाच घमेल्यात ओतली. खड्ड्यावरच्या ताईंनी ती निमूटपणे एका पिशवीत भरली आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘थर नाही’. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘पण मुंबईत कसलं अश्मयुग? ही तर भराव टाकून केलेली!’ असंही ऐकवतात. भराव बेटांच्या मधे पडला हो, साष्टी, म्हणजे कांदिवली ज्यावर आहे ते बेट, आधीपासून होतीच. टॉड नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने कांदिवलीच्या आसपास दगडी हत्यारं वेचली आणि 1939 मध्ये त्यांवर शोधनिबंध छापला. तिथे आता टॉवर आहेत. पार्किंगसाठी पाया खणताना निघालेली माती डंपरमधून कुठे जाते, हे बघायची मला वाईट खोड लागलीय.

राहिलं सोनं. नालासोपाऱ्यात ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून एक टेकाड होतं. 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं, तर आत स्तूप निघाला. (अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात त्याच वर्षी मिळाला.) स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा. आणि सगळ्यांत आत सोन्याची डबी.

डबीत सोन्याची फुलं होतीच. पण एवढं जपून ठेवलं होतं ते खापराचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून पुजलेले.

काकूंना हे मी अगदी रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं, मग ती डबी कुठाय आता?”

मुंबईतल्याच एशियाटिक सोसायटीकडे, काकू.