आमची वाटचाल : पाद्रे गार्सियाच्या बाजारातला काटा

आमच्या दुकानाच्या पाटीवर एकच शब्द आहे, तिंबांगान. फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेत तिंबांगान म्हणजे काटा. भाजीवालीच्या तागडीपासून ट्रकच्या काट्यापर्यंत सगळ्यांना हाच शब्द. आम्ही मात्र फक्त जनावरं तोलायचे काटे बनवतो आणि दुरुस्त करतो. मी, बायको, दोन वेल्डर आणि कॉलेज सांभाळून हिशेब लिहिणारी मेहुणी, एवढीच आमची कंपनी.

गाव पाद्रे गार्सिया, प्रांत बातांगास. मनिलाच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटर. वस्ती शेतकऱ्यांची, रस्त्याकडेला नारळ, मका आणि दावणीला बांधलेली गुरं. अख्ख्या फिलिपिन्समध्ये या गावाला गुरांच्या व्यापाराची राजधानी म्हणतात. 1949 पर्यंत हा भाग शेजारच्या रोसारियोत मोडायचा. वेगळं गाव झाल्यावर नाव मिळालं ते पाद्रे विसेंते गार्सिया यांचं. इथला राष्ट्रपुरुष आणि लेखक होसे रिझालच्या कादंबरीवर स्पॅनिश मिशनरी तुटून पडले, तेव्हा टोपणनावानं तिची बाजू घेणारा हा इथलाच पाद्री. एवढ्या मोठ्या माणसाचं गाव, पण बाहेर कुणालाही विचारा, उत्तर येणार, ‘हां, ते बैलबाजाराचं!’ पाद्रींनी माफ करावं.

मी सांगोल्याकडचा. खिलार बैलांच्या मुलखातला. चुलते हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी होते, त्यामुळं दात बघून वय सांगणं मला शाळेच्या आधी आलं. आदत, दुसा, चौसा, जुळलेला, ही सगळी दातांवरून वयाची नावं. रुमालाखाली हात घालून बोटांनी केलेले सौदेही डोळ्यांदेखत पाहिलेत. भाव फक्त दोघांना कळायचा, तिसऱ्याला रुमाल दिसायचा. पुढं इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी केली आणि 2009 मध्ये एका कारखान्याच्या मेंटेनन्ससाठी इथल्या लिपा शहराजवळ आलो. दोन वर्षांसाठी आलो होतो. बायको याच गावची निघाली आणि दोन वर्षांची मुदत कुठं गेली ते कळलं नाही.

लग्नानंतर सासऱ्यांबरोबर पहिल्यांदा बाजारात गेलो तेव्हा पहाट व्हायची होती. दिव्याखाली ट्रक लागलेले, गुरांच्या अंगातून वाफ निघत होती, चिखलात शेण-मूत कालवलेलं. वास घेतला आणि मला एकदम सांगोल्याला गेल्यासारखं झालं. माल लांबून येतो. मिंदोरो बेटाचा माल बोटीतून बातांगासच्या बंदरात उतरतो, मास्बाते बेटाचाही येतो, आणि आसपासच्या गावांतून दोन-तीन जनावरं घेऊन आलेले लोक तर असतातच. त्यातली बरीच गुरं पायवीची. पायवी म्हणजे पैसेवाल्यानं वासरू विकत घेऊन गरिबाकडं वाढवायला द्यायचं आणि विकल्यावर नफा वाटून घ्यायचा. आपल्याकडं अर्धलीनं देतात तेच. दिवसाच्या पहिल्या विक्रीला इथं ब्वेना मानो म्हणतात. आलेली नोट मालावर टेकवून घेतात. बोहनीचा पैसा कपाळाला लावणारी माझी आई आठवली.

रुमाल तेवढा नव्हता. इथं सौदा उघड्यावर होतो, पण होतो तान्तियावर. तान्तिया म्हणजे अंदाज. व्यापारी जनावराभोवती एक चक्कर मारतो, पुठ्ठ्यावर थाप टाकतो, मानेखाली हात घालतो आणि किलो सांगतो. त्या किलोवर भाव. पायवीवाला बिचारा वर्षभर गवत कापून थकलेला असतो. समोरच्यानं तीनशे म्हटलं की त्याला तीनशेच. जनावर तीनशे चाळीस भरू शकतं, हे सांगायला त्याच्याकडं काहीच नसतं. मी सासऱ्यांना म्हणालो, ‘इथं काटा का नाही?’ ते म्हणाले, ‘आहे की. पण त्याच्याकडं जायला वेळ कुणाला आहे? आणि तो लांब आहे.’

तिथून धंदा सुचला. गावोगाव नेता येईल असा, पिकअपच्या मागं जोडता येईल असा काटा. चार लोडसेल, म्हणजे वजन मोजणारे सेन्सर, वर लोखंडी फळी, दोन्ही बाजूंना कठडा, पुढं-मागं फाटक. जनावर काही गप्प उभं राहत नाही, त्यामुळं आकडा नाचतो. इंडिकेटरमध्ये, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या डबीत, सरासरी काढून आकडा धरून ठेवायची सोय लागते. हे सगळं मला येत होतं. न येणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या.

पहिली म्हणजे माझा चेहरा. फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला बुंबाय म्हणतात. शब्द आला आपल्या मुंबईवरून, पण अर्थ झाला मोटारसायकलवर फिरून व्याजानं पैसे देणारा. पाच द्या, सहा परत घ्या, म्हणून त्या धंद्याचं नावच ‘फाइव्ह-सिक्स’. हा धंदा करणारे बहुतेक पंजाबी, पण लोकांना काय फरक. मी काट्याची माहिती सांगायला बाजारात उभा राहिलो की लोक आधी विचारायचे, ‘हप्ता रोजचा की आठवड्याचा?’ मुंबईच्या राज्यातला खराखुरा माणूस समोर उभा आहे आणि तो पैसे देत नाही, यावर त्यांचा विश्वासच बसेना.

दुसरी गोष्ट कागदांची. परदेशी माणसाला इथं जमीन घेता येत नाही, आणि लहानसं किरकोळ दुकानही स्वतःच्या नावावर टाकता येत नाही. म्हणून परवाना बायकोच्या नावानं. दर जानेवारीत तो नवा करून घ्यायची रांग तीच लावते. मी कागदोपत्री तिचा कामगार आहे आणि ती हे विसरू देत नाही.

तिसरी गोष्ट सांगायला अजून लाज वाटते.

2013 च्या पावसाळ्यात पहिला काटा तयार झाला. कॅलिब्रेशनला, म्हणजे काटा बिनचूक लावायला, प्रमाणित वजनं पाहिजेत, ती भाड्यानंही परवडत नव्हती. सासऱ्यांच्या अंगणात सिमेंटची पोती पडली होती. पाच पोती फळीवर रचली आणि इंडिकेटरला आकडा दिला अडीचशे. पोतं पन्नास किलोचं, हे मला पाढ्यासारखं पाठ. हात धुतले, काटा टेम्पोला जोडला आणि बाजाराच्या रस्त्यावर नेऊन उभा केला. ‘पहिली दहा जनावरं फुकट’ अशी पाटीही लावली.

पहिलीच गाय चढली. चारशे.

मालकाचा चेहरा उजळला. घेणारा होता सत्तरीचा एक बियाहेरो, म्हणजे गावोगाव फिरून गुरं विकत घेणारा व्यापारी. सगळे त्याला लोलो म्हणतात, आजोबा. त्यानं गायीकडं बघितलं, आकड्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, ‘ही तीनशे वीस आहे.’ मी हसून म्हणालो, ‘लोलो, मशीन खोटं बोलत नाही.’ तो म्हणाला, ‘गाय पण नाही बोलत.’ आणि निघून गेला.

संध्याकाळी पोती परत आत टाकताना छापलेला आकडा दिसला. चाळीस किलो. फिलिपिन्समध्ये सिमेंटचं पोतं चाळीसचं असतं. दोनशे किलोला मी अडीचशे सांगून बसलो होतो. प्रत्येक आकडा सव्वापट. चारशेला सव्वानं भागलं. तीनशे वीस. नुसत्या डोळ्यांनी, भुरभुर पावसात, ना हात लावला ना दोरी. मी अंगणात तसाच पोत्यावर बसलो. सासरे काही बोलले नाहीत, बायको मात्र इतकी हसली की शेजारीण विचारायला आली.

दुसऱ्या दिवशी लोलोच्या घरी गेलो. त्यांनी बाराको कॉफी दिली. बातांगासची ही काळी, उग्र कॉफी नको म्हणायची सोय नसते. माझी चूक सांगितली. त्यांनी विचारलं, ‘मग आता बाजारात हेच सांगशील का?’ मी गप्प. ते म्हणाले, ‘सांगितलंस तर मी तुझ्या काट्याशेजारी उभा राहीन.’

सांगितलं. मोडक्यातोडक्या तागालोगमध्ये, पन्नासेक माणसांसमोर, पोतं दाखवून. लोक हसले, एकानं माझं नाव ‘सिमेंतो’ ठेवलं, ते आजही चालतं. पण त्या दिवशी काट्यावर रांग लागली. लोलो आधी अंदाज सांगायचे, मग जनावर चढायचं. दोन्हींत पाच-सात किलोंचा फरक असला तर लोक समाधानानं माना डोलवायचे. जास्त असला तर काटा आणि आजोबा दोघांनाही पुन्हा तपासायचं. हा खेळ बघायला न विकणारेसुद्धा थांबू लागले. माझी जाहिरात हीच.

मग रीतसर वीस-वीस किलोची वजनं घेतली. कायद्यानं काट्याची तपासणी आणि सील करायचं काम नगरपालिकेच्या खजिनदाराकडं असतं, ते वेळच्या वेळी करून घेतो. तरी रोज पहाटे पहिल्या जनावराआधी वजनं सगळ्यांसमोर फळीवर ठेवतो. ज्यांना काटा परवडत नाही त्यांना आम्ही फुकट टेप देतो आणि सूत्र शिकवतो : छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून मागच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले तीनशे. साठ घेर, पन्नास लांबी, उत्तर सहाशे पाउंड, म्हणजे साधारण 272 किलो. हे मी कॉलेजात नाही, चुलत्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडून शिकलो होतो. पायवीवाल्या बायका आता घरीच माप काढून येतात आणि व्यापाऱ्याला आधी आकडा सांगतात. काही व्यापारी यावरून माझ्यावर नाराज आहेत. असोत.

इथली गुरं शेवटी कुठं जातात ते लपवण्यात अर्थ नाही. आईला पहिली दोन वर्षं मी ‘शेतीच्या अवजारांचा धंदा’ एवढंच सांगत होतो. एकदा ती आली तेव्हा बाजार दाखवला. गुरांत ती रमली, एका खोंडाच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभी होती. संध्याकाळी म्हणाली, ‘मापात पाप नको एवढंच बघ.’ पुढं तिला कळलं की भारतातून गोठवलेलं म्हशीचं मांस इथं येतं आणि कॉर्न्ड बीफच्या डब्यांत जातं. त्यावर ती काहीच बोलली नाही, पण दुकानातल्या डब्यांकडं बघताना तिची नजर बदलली. आमच्या घरी बुलालो, म्हणजे नळीच्या हाडांचं सूप, सासू दर रविवारी करते. मी भात आणि माशांवर असतो. कुणी कुणाला काही म्हणत नाही.

मधली वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 2019 मध्ये देशात आफ्रिकन स्वाइन फीवर आला, डुकरांची वाहतूक नाक्यानाक्यावर अडली आणि डुकरांसाठी बनवलेले तीन छोटे काटे कोपऱ्यात पडून राहिले. 12 जानेवारी 2020 ला आमच्याच प्रांतातला, तळ्यातला ताल ज्वालामुखी फुटला. तळ्याकाठच्या गावांतून लोक निघाले, मागं राहिलेली जनावरं काढायला लोकांनी परत होड्या घातल्या. त्या दिवसांत विकायला आलेल्या गुरांच्या पाठीवर राख होती. एका माणसानं विचारलं, ‘राखेचं वजन धरणार का?’ तो थट्टा करत नव्हता. आम्ही पाठ झाडून मग तोललं. पैसे घेतले नाहीत. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि दुकानाला कुलूप. वेल्डरांना अर्धा पगार दिला, सासऱ्यांचा एक बैल विकला. तो काट्यावर चढवताना मी बाहेर गेलो, आकडा मेहुणीनं लिहिला.

आता बारा काटे वेगवेगळ्या गावांत फिरतात. सगळ्यात जास्त तक्रार येते ती वजनाचीच, पण काट्याची नसते. घरी तोललेलं जनावर प्रवासानंतर बाजारात कमी भरतं. रात्रभर ट्रकमध्ये उभं राहिलं की शेण-मूत जातं, पाणी मिळत नाही, आणि मोठ्या जनावराचे वीस-तीस किलो सहज उतरतात. हे समजावताना मेहुणीनं तक्ता छापला. मालक तक्ता बघतात आणि पुन्हा काट्यालाच शिव्या देतात.

लोलो आता ऐंशीच्या पुढं आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गेल्या महिन्यात नवा काटा बाजारात नेला तेव्हा त्यांना खुर्ची टाकून दिली. पहिला बैल रॅम्पपाशी आला. त्यांनी बऱ्याच वेळानं सांगितलं, ‘चारशे साठ.’ बैल चढला, फाटक लागलं, आकडा थांबला : 454. पोरं ओरडली, ‘लोलो चुकले!’

लोलोंनी काठीनं रॅम्पकडं बोट दाखवलं. चढता चढता बैलानं तिथं भलामोठा शेणाचा पो टाकला होता.