तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं कॅमेऱ्याकडे बघत कशी नाहीत?

शाळेच्या गेटवर, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, एखाद्या बारशात कुणीतरी विचारतंच, "कॅमेरा कुठला गं तुझा?" पुढे खरा प्रश्न येतो. आमची पोरं मोबाइल दिसला की दात काढून उभी राहतात नाहीतर पळतात. तुझी दोघं फोटोत आपापल्या उद्योगात असतात, ते कसं?

कॅमेऱ्याचं आधी उरकते. सेकंडहँड घेतलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आहे, त्यावर ३५ मिमीची एफ/१.८ लेन्स, म्हणजे कमी उजेडातही चालणारी. डोंबिवलीतल्या आमच्या खोल्यांत तिच्यातसुद्धा थोडंच मावतं, भिंतीला पाठ टेकवून बसावं लागतं. बरेचसे फोटो मोबाइलचेच आहेत. मोबाइलवर काढणार असाल तर आधी लेन्स पुसा. घरात लहान मूल असलं की तिच्यावर तुपाचं बोट उमटलेलं असतंच.

आता मुद्द्याचं. मी मुलांच्या मागे फिरत नाही. उजेड कुठे आहे ते बघते आणि तिथे फतकल मारून बसते. आमच्याकडे सकाळी आठच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीतून उजेड येतो, दुपार कलली की गॅलरीच्या दारातून. थेट ऊन नको, त्यात मुलं डोळे बारीक करतात. खिडकीपासून दोन-तीन हातांवर, बाजूने येणारा उजेड चेहऱ्यावर पडला की झालं. त्या जागी मी खेळणी टाकते, मटार सोलायला घेते. मुलं येतात. आईचं काम चाललेलं दिसलं की लुडबूड करायला येणार नाही असं मूल मी अजून पाहिलेलं नाही! थोड्या वेळाने कॅमेऱ्याचं अप्रूप संपतं आणि ती मटार खायला लागतात. तिथून पुढे फोटो काढायचे. हाक मारायची नाही, "इकडे बघ" तर अजिबात नाही.

पावसाळ्यात लोक म्हणतात, अंधारून आलंय, आता कसले फोटो. मला जुलैच आवडतो. ढगांतून गाळून आलेला उजेड सगळीकडे सारखा पसरतो, नाकाखाली काळी सावली पडत नाही. शिवाय घरभर दोऱ्यांवर कपडे वाळत असतात आणि त्यांच्यामागे लपाछपी चालू असते.

दिवसा ट्यूब बंद करा. खिडकीचा आणि दिव्याचा उजेड एकत्र आला की एक गाल निळसर, दुसरा पिवळा दिसतो. रात्रीची अडचण वेगळी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) सेकंदाच्या १/५०० वर नेलं की स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे उमटतात. ते घालवायला १/१०० वर यावं तर मुलाचा हात हललेला येतो. म्हणून रात्री मी झोपलेल्या मुलांचेच फोटो काढते. दिवसा १/२५०, पळापळ असेल तर १/५००, आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० करावा लागला तरी हरकत नाही. दाणेदार फोटो चालतो, हललेल्या चेहऱ्याला इलाज नाही.

उभं राहून काढू नका. वरून नुसता भांग आणि फरशी दिसते.

सासूबाईंना हे सगळं पटत नाही. "अगं, पोराचं तोंड तर दिसू दे!" त्यांचंही खरं आहे. त्यांना पाठवायला एक समोरचा, दात दाखवलेला फोटो मी वेगळा काढते.

पसारा आवरू का, हेही विचारतात. आवरू नका. आमच्या लहानपणी फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो असायचे आणि धुऊन आणायला पैसे पडायचे, त्यामुळे कॅमेरा सणासमारंभालाच बाहेर निघायचा. माझ्या आईच्या अल्बममध्ये माझं बोरन्हाण आहे, हलव्याचे दागिने आहेत, स्टुडिओतल्या रंगवलेल्या बागेपुढे उभा केलेला माझा भाऊ आहे. ज्या घरात आम्ही वाढलो ते घर मात्र कुठेच नाही. मोरी, फळीवरचे पितळी डबे, दप्तरं लटकवायची खुंटी, कशाचाच फोटो नाही. म्हणून मी वेण्या घालताना, नखं कापताना, वरणभात भरवताना फोटो काढते, आणि मागे कुकर, दुधाची पिशवी, इस्त्रीचे कपडे जे असेल ते असू देते. भडक रंगाचं वेफर्सचं पाकीट तेवढं सरकवते. नजर आधी तिकडेच जाते.

मूल खरंच रडत असेल तर कॅमेरा खाली ठेवते. आंघोळीचे फोटो कुठल्याही ग्रुपवर जात नाहीत, मावशीच्याही नाही. थोरला सहा वर्षांचा आहे. तो "हा नको" म्हणाला की त्याच्यासमोर डिलीट करते. कधीकधी नेमका तोच फोटो छान आलेला असतो आणि जिवावर येतं.

या सगळ्यात मी कुठे आहे, असं परवा एका मैत्रिणीने विचारलं. भरवणारा हात माझा असतो, एवढंच. म्हणून रविवारी मोबाइल नवऱ्याच्या हातात देते. तो सोफ्यावरून उठत नाही आणि झूम करतो. आमचा मोबाइल नुसतं चित्र ओढून मोठं करतो आणि फोटो पिचपिचीत येतो. त्याला सांगितलंय, झूमला हात लावू नकोस, ऊठ आणि दोन पावलं पुढे ये.