ओर्तांच्या ग्रंथातला मलुपा वैद्य

लंडनमधील ज्या ग्रंथालयात मी ग्रंथसंवर्धक म्हणून काम करते, तेथे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतातील औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ मोजक्या निमंत्रितांना दाखविण्यात आला. योहानेस द एंदेम याने तो १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून पूर्ण केला. व्याख्यान क्युरेटरबाईंचे होते आणि पाने उलटण्याचे काम माझ्याकडे होते.

ग्रंथ फोमच्या उतरत्या आधारांवर, पाठीवर ताण येणार नाही इतपतच उघडला होता आणि दिवे मंद ठेवले होते. हातमोजे का नाहीत, असे एका पाहुण्यांनी विचारले. स्वच्छ, कोरड्या हातांना कागदाचा कमकुवतपणा लगेच कळतो, मोज्यांतून तो कळत नाही आणि पान फाटण्याचा धोका वाढतो, असे मी त्यांना सांगितले.

बाईंनी सुरुवात पोर्तुगीज कवी कामोंइशच्या ओडने, म्हणजे गौरवपर कवितेने केली. या महाकवीची छापून आलेली पहिली कविता याच ग्रंथात असल्याने पाहुणे तेथे बराच वेळ रेंगाळले. नंतर त्यांनी जवळजवळ २० पानांचे शुद्धिपत्र दाखविले. छापखाना गोव्यात येऊन सातच वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लांबलचक यादीमागचे कष्ट जाणवतात, आणि मला तरी ती मुखपृष्ठाइतकीच मोलाची वाटते.

ग्रंथाची रचना ओर्ता आणि रुआनो या कल्पित स्पॅनिश वैद्याच्या संवादांची आहे. रुआनो ग्रीक ग्रंथकारांचे दाखले देतो. ओर्ता मात्र दियोस्कोरिदेस आणि गालेन यांचा धाक घालू नका, मी खरे आणि मला ठाऊक असलेले तेवढेच सांगणार, असे बजावतात. १५३४ मध्ये भारतात आलेला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर उपचार करणारा हा वैद्य ते अनुभवाच्या बळावर बोलू शकत होता. मुंबई बेट त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते आणि तेथील आपल्या आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, हे ते कौतुकाने नोंदवितात.

पण या ग्रंथात ओर्ता एकटे बोलत नाहीत. निशोत्तर या औषधी वनस्पतीवरील संवादात मलुपा नावाचा हिंदू वैद्य स्वतः बोलतो आणि आंतोनिया ही दासीही ग्रंथात वावरते. व्याख्यानात मलुपाचा उल्लेख एका वाक्यात आटोपला. वेळ थोडा होता हे खरे. तरीही युरोपला ज्या ज्ञानाची ओळख क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १५६७ मधील लॅटिन संक्षेपाने झाली, त्यामागे इथले वैद्य होते, हे त्या दालनात ठळकपणे सांगितले जायला हवे होते, असे मला वाटले.

बाईंनी ग्रंथकाराच्या वाट्याला आलेले क्रौर्य मात्र स्पष्ट शब्दांत सांगितले. ओर्ता धर्मांतरित ज्यू कुटुंबातले होते. १५६८ मध्ये त्यांचे निधन झाले, पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, गोव्यात त्यांची बहीण कातारिना हिला जाळले आणि १५८० मध्ये त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. त्यानंतर काही वेळ कोणी प्रश्न विचारला नाही.

कार्यक्रमानंतरच्या अहवालात शिवणीची स्थिती, कडांवरचे जुने डाग आणि ग्रंथ किती वेळ उघडा राहिला, हे नेहमीप्रमाणे नोंदवून मी एक शिफारस जोडली: पुढील दर्शनाच्या वेळी ओडऐवजी निशोत्तराचा संवाद उघडून ठेवावा आणि मलुपाचे बोलणे पाहुण्यांना वाचून दाखवावे. बाईंनी ती मान्य केली असून त्या पानांची शिवण तेवढा ताण सोसेल की नाही, याची तपासणी मी सुरू केली आहे.