नसलेली पवनचक्की

ती पवनचक्की हीथवर, म्हणजे लंडनच्या हॅम्पस्टेडमधल्या मोकळ्या माळावर, नव्हतीच. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलने ती आपल्या चित्रात मनाने घातली. हे वाचलं तेव्हापासून चिडचिड होते आहे. एका चित्रावर माणसाने एवढं का चिडावं, ते लिहून बघते.

चित्र १८३६ चं, लंडनच्या टेट संग्रहालयातलं. हॅम्पस्टेडचा माळ, ब्रँच हिलचं तळं, वर इंद्रधनुष्य आणि ही पवनचक्की. दुसऱ्या कोणी काढली असती तर मी म्हटलं असतं, चित्रकार आहे, त्याची मर्जी. पण हा ढगांच्या मागे वेळ लिहिणारा माणूस! १८२१ आणि १८२२ मध्ये त्याने इथे नुसतं आकाश रंगवलं, पुन्हा पुन्हा, आणि चित्रांच्या पाठीवर तारीख, तास, वारा टिपून ठेवला. ११ सप्टेंबर १८२१ च्या एका चित्रामागे आहे: सकाळी १० ते ११, उकाडा, हलका वारा, दिवसभर छान, पण रात्री पाऊस. म्हणजे चित्र सकाळीच झालेलं, तरी रात्रीच्या पावसाची नोंद करायला तो परत त्याच्याकडे वळला. असा माणूस आपल्याला खोटं दाखवणार नाही, असं मी धरून चालले होते.

बाबांच्या वह्या अशाच. पाऊस किती मिलिमीटर, विहिरीला पाणी किती, मोहोर कधी धरला. एक दिवस चुकलेला नाही.

बाबांच्या तब्येतीच्या रिपोर्टवर तारीख जूनची आहे. ताईने काल फोटो पाठवला. जून! मधे गणपती झाले, दसरा झाला, रोज बोललो आम्ही, आणि रोज ‘मी ठणठणीत’. लांब राहणाऱ्याला सगळे फक्त बरंच सांगतात. ताईला माहीत, शेजारच्या काकूंना माहीत. मी म्हणजे कोण, पाहुणी?

कॉन्स्टेबलची बायको मारिया, तिच्या प्रकृतीसाठीच ही मंडळी १८१९ पासून हॅम्पस्टेडला यायला लागली. माळावरची हवा चांगली म्हणून. क्षय होता तिला. तो तास लिहितो, वारा लिहितो. मी पाहिलेल्या एकाही ढगामागे तिच्या खोकल्याची ओळ नाही. २३ नोव्हेंबर १८२८ ला ती गेली. मागे सात मुलं, धाकटं वर्षाचंही नव्हतं. याबद्दल आज जास्त लिहवत नाही.

तळं आता नाही. माळ तरी राहिला. जमीनमालक सर थॉमस मेरियन विल्सनला १८२९ पासून इथे घरं बांधायची होती, लोक चाळीसेक वर्षं भांडले, तेव्हा कुठे १८७१ च्या कायद्याने हीथ सगळ्यांसाठी मोकळा राहिला. त्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं. पण तळं बघायचं तर मला कॉन्स्टेबलकडेच जावं लागतं. म्हणून ती पवनचक्की डाचते. ज्याच्या भरवशावर मी ते पाणी खरं मानते, त्यानेच शेजारी नसलेलं काही उभं करून ठेवलंय. मग तळ्याचा काठ खरा कशावरून? ‘ठणठणीत’ खरं कशावरून?

जेवणं झाल्यावर भांडी आवरताना एक गोष्ट मनात आली. कॉन्स्टेबल गिरणीवाल्याचा मुलगा. इंग्लंडमधल्या सफक आणि एसेक्समध्ये वडिलांच्या पाणचक्क्या होत्या, ईस्ट बर्गहोल्टला पवनचक्की होती, आणि तरुणपणी तोही या धंद्यात राबला. पवनचक्कीवाल्याला वारा बघूनच राहावं लागतं. ढगांमागचा तो हिशेबीपणा मला वाटतं तिथलाच. वडील १८१६ मध्ये गेले, मारिया १८२८ मध्ये. हे चित्र काढलं तेव्हा तो साठीचा होता, आणि पुढच्या ३१ मार्चला तोही गेला. अशा माणसाला माळावर पवनचक्की हवीशी वाटली. बघणाऱ्याला फसवायचं त्याच्या मनात असेल असं मला आता वाटत नाही. त्याला ती तिथे हवी होती, एवढंच.

त्याच्यावरचा राग इथे उतरला. बाबांवरचा सगळा नाही. पण रोज संध्याकाळी फोन वाजायच्या आधी ते घसा साफ करून बसत असतील, नीट आवाज लागावा म्हणून, हे आता डोळ्यांपुढून जात नाही.

नोव्हेंबरची तिकिटं बघून ठेवली आहेत. ताईला कळवलंय. बाबांना नाही, ‘कशाला एवढा खर्च’ म्हणून अडवतील. रिपोर्टचं मला कळलंय हेही तिथे पोचल्यावरच बोलू. तोवर ते ठणठणीत असतील, आणि मी म्हणेन, बरं झालं.