आदण आणि धार

आमच्या गुऱ्हाळात दिवसाला चार-पाच आदणं निघायची. एका वेळी काहीलभर रस आटवून काढलेला गूळ म्हणजे एक आदण. वाळवा तालुका, उसाचा मुलूख. थंडी पडली की चुलवाण पेटायचं. काहिलीत रस उकळतोय, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येतेय, आणि अण्णा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतायत. गोळी जमली की काहील उतरवायची. दोन मिनिटं इकडची तिकडं झाली तर गूळ करपट, लालसर. त्या ढेपेला बाजारात भाव नाही.

पुढं केमिस्ट्री शिकून कोकणातल्या एका औषध कारखान्यात लागले, तर तिथंही आदणच. फक्त त्याला बॅच म्हणायचे. तीन हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये, म्हणजे रसायनं एकत्र करायच्या मोठ्या बंद भांड्यात, पॅरासिटामॉल. पॅरा-अमिनोफेनॉल या कच्च्या मालावर ॲसेटिक अनहायड्राइड हे दुसरं रसायन सोडायचं. दोन्ही भेटले की चांगलीच उष्णता निघते, ती भांड्याभोवतीच्या पोकळ कवचातल्या, जॅकेटमधल्या, पाण्यानं ओढून घ्यायची. एका रात्रपाळीत कूलिंगच्या पाण्याचा दाब पडला. अनहायड्राइड थांबवलं, माल अर्धवट तसाच उभा राहिला, आणि सकाळी गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून फिकट गुलाबी पावडर निघाली. न बदललेलं अमिनोफेनॉल हवा लागून काळवंडतं, त्याचा तो रंग. गोळी बनवायच्या आधीच्या औषधाच्या पावडरीत ते दहा लाखांत ५० भागांपेक्षा जास्त चालत नाही. अख्खी बॅच परत विरघळवली, रंग शोषायला कार्बन मारला, पुन्हा स्फटिक पाडले. त्या रात्री ड्युटीवर मी होते. आजही तापाची गोळी पट्टीतून काढली की आधी तिचा पांढरेपणा बघते.

यात पाळीवरच्या माणसांचा दोष थोडा. मोठ्या भांड्याची भूमितीच तशी. तीन हजार लिटरमधल्या एका लिटरच्या वाट्याला थंड भिंत येते जेमतेम दोन काड्यापेट्यांएवढी. तोच लिटर एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत भरा: नळी सव्वा किलोमीटरच्या वर लागेल, पण भिंत मिळेल चार चौरस मीटर, डबल बेडहून मोठी. उष्णता साठायला जागाच नाही. आणि आत शिरलेल्या पहिल्या थेंबाला जेवढा वेळ मिळतो, जवळपास तेवढाच शेवटच्याला. एका तोंडानं कच्चा माल आत, दुसऱ्या तोंडानं औषध बाहेर, मध्ये थांबणं नाही. याला कंटिन्युअस फ्लो म्हणतात. मी वर्गात धार म्हणते.

२०१५ साली अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ टिमोथी जॅमिसन यांच्या गटानं आयबुप्रोफेन हे वेदनाशामक असं धारेवर तयार केलं. तीन रासायनिक टप्पे, सगळे मिळून तीन मिनिटं. तासाला ८.०९ ग्रॅम, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या वीस गोळ्यांचा माल, आणि जागा अर्ध्या फ्यूम हूडएवढी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या धूर ओढणाऱ्या कपाटाच्या निम्मी. पहिल्याच टप्प्यात ॲल्युमिनियम क्लोराइड आहे. शेवटी ते पाण्यानं विझवावं लागतं, आणि पाणी लागलं की ते उसळतं. मोठ्या भांड्यात हे काम करताना माणूस एक पाय दाराकडं ठेवून उभा असतो. नळीत ते थेंबाथेंबानं विझतं. हे वाचलं तेव्हा मी सांगलीत शिकवायला आले होते. दोन रात्री डोक्यातून गेलं नाही.

मग एमएससीच्या मुलांना घेऊन आम्हीही नळी लावली. दोन पंप, एक टी-जोड, गरम पाण्यात बुडवलेलं टेफ्लॉनच्या नळीचं वेटोळं. एका बाटलीत कोमट पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवलेलं अमिनोफेनॉल, दुसरीत अनहायड्राइड. पहिल्या दिवशी अकराव्या मिनिटाला पंप बंद. नळी गरम पाण्यातून बाहेर येऊन वळते तिथं, थंडीत खोबरेल तेल धरतं तसं, आत पांढरं धरलं होतं. पॅरासिटामॉलच ते, पण चुकीच्या जागी. शेपूट कापून आखूड केलं, उरलेल्या भागावरून गरम पाणी फिरवलं, आणि स्फटिक पाडायचं काम बर्फातल्या बीकरवर सोडलं. तेव्हा कुठं धार चालली.

कारखानदार म्हणतात, पॅरासिटामॉल इतकं स्वस्त, जुने रिॲक्टर उभेच आहेत, नळ्या कोण बसवणार? त्यांचं म्हणणं मला पटतं, पण शेवटच्या टप्प्यापुरतंच. मार्च २०२० मध्ये सरकारनं पॅरासिटामॉलच्या निर्यातीवर बंधन आणलं, तेव्हा सगळ्यांना कळलं की त्यामागचं पॅरा-अमिनोफेनॉल आपण मोठ्या प्रमाणात चीनमधून आणतो. ते नायट्रोबेंझिन या रसायनापासून होतं, आम्लात, दाबाखालच्या हायड्रोजननं. मध्ये एक नाजूक पदार्थ तयार होतो. आम्लानं त्याला वेळेत वळवलं तर अमिनोफेनॉल, नाहीतर हायड्रोजन त्याला पुढं रेटून ॲनिलीन हा नको असलेला पदार्थ करून टाकतो. पाकाच्या गोळीसारखीच दोन मिनिटांची गोष्ट. नळीत हायड्रोजन एका वेळी थोडाच असतो, आणि वेळ नळीच्या लांबीनं बांधलेला असतो. पैसा इथं घालावा, असं माझं ठाम मत आहे. आमच्या फडात तोडणीला आलेल्या बायका संध्याकाळी किराणा दुकानात मिठाबरोबर अंगदुखीची गोळी मागतात. तिचा कच्चा माल कुठल्या बंदरात अडकलाय यावर त्यांची रात्र अवलंबून असू नये.

दिवाळीत अण्णांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला.

"म्हंजे काहील उतरवायचीच न्हाई?"

"नाही अण्णा, चालूच."

"मग पाक कवा बघतीस?"

मी गप्प झाले. आम्ही तासाभराचा माल बीकरमध्ये गोळा करून एकदाच तपासत होतो. धार लावूनही मन आदणातच होतं. सुट्टी संपल्यावर दर पाच मिनिटांनी नळीच्या तोंडाशी नमुना धरायला लागलो. पस्तिसाव्या मिनिटाचा नमुना किंचित गुलाबी. नळीत काही बिघडलं नव्हतं. पंपाआधीच्या बाटलीत अमिनोफेनॉल आपली पाळी येईपर्यंत हवा खात उभं होतं. आता त्या बाटलीच्या तोंडावर नायट्रोजनचा फुगा बांधलाय. गेल्या शनिवारी सत्तर मिनिटं धार चालली, चौदा नमुने ओळीनं ठेवले, चौदाही पांढरे.